चिप रखडली म्हणजे क्षेत्र बुडाले नाही

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत आणि तिला चिप डिझाइनमध्ये जायचे आहे. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीची ब्लॅकवेल ही एआयसाठीची चिप रखडल्याच्या आणि बडे ग्राहक खोळंबल्याच्या बातम्या दाखवून तुम्ही तिला हा नाद सोडायला सांगता, आणि सॉफ्टवेअरच्या तयारीचा दर रविवारी हिशेब घेता. तुमच्या दोन पानी पत्रात तिच्याविषयी एकच वाक्य आहे: ‘ती हल्ली घरात फारसे बोलत नाही.’ मला बाजारापेक्षा या वाक्याची काळजी वाटते. वीस वर्षांच्या मुलीची दर आठवड्याला झडती घेतली, तर ती अभ्यास वाढवत नाही, उत्तरे तयार ठेवायला शिकते.

आता तुमचा गैरसमज. मार्च 2024 मध्ये जाहीर झालेल्या ब्लॅकवेलच्या रचनेत दोष निघाला. चिप चालत होती, पण धड निघणाऱ्या चिपांचे प्रमाण, म्हणजे यील्ड, कमी होते. मायक्रोसॉफ्ट, मेटा यांच्यासारखे ग्राहक वाट पाहत असतानाही तगाद्याने यील्ड वाढले नाही. त्यासाठी मास्क, म्हणजे चिपवर आराखडा उमटवण्याचा साचा, बदलावा लागला, आणि चूक सर्वस्वी आमचीच होती हे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ऑक्टोबरमध्ये उघडपणे मान्य केले. ग्राहक खोळंबले, कारण त्यांना माल हवा होता. मागणी आटल्याची ही लक्षणे नव्हेत. उशिराने कंपनीचे नुकसान होते, हे खरे: इंटेलची चिप बनवण्याची 10 नॅनोमीटरची प्रक्रिया कित्येक वर्षे रेंगाळली आणि 2020 मध्ये ॲपलने आपल्या मॅक संगणकांसाठी इंटेलऐवजी स्वतःच्या चिपा वापरण्याचे जाहीर केले. पण त्या चिपाही कुणीतरी डिझाइन केल्याच ना?

डिझाइनमधले एक काम पाहा. चिपच्या लॉजिकमधले दोष ती कारखान्यात जाण्याआधी पकडणे हेच व्हेरिफिकेशन अभियंत्याचे काम: संगणकावर रात्रभर चाललेल्या सिम्युलेशनमधली फेल झालेली टेस्ट सकाळी उघडायची आणि सिग्नल नेमका क्लॉकच्या कोणत्या ठोक्याला बिघडला ते वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे सिग्नलच्या आलेखात, शोधायचे. बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात हे काम चालते. मात्र ते चिकाटीचे आहे, आणि तिला ते रुचते का, हे तुमच्या कात्रणांतून कळणार नाही.

गेट देऊन एम.टेक. किंवा सी-कॅट या प्रवेशपरीक्षेमार्गे सी-डॅक या सरकारी संस्थेचा व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइनचा, डिप्लोमा, हे मार्ग तिला ठाऊक असतीलच. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका. रविवारचा हिशेब बंद करा आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. वेरिलॉगमध्ये, म्हणजे चिपचे डिझाइन लिहिण्याच्या भाषेत, तिने काय करून पाहिले आणि कुठे अडली, एवढे तिने कळवले तरी मला तिच्याशी नेमके बोलता येईल.