लाइट गेली की नोंदी गायब

प्रश्न : द्राक्षबागेत पानांचा ओलावा नोंदवणारं यंत्र बनवलंय. ४ एमबीची एसपीआय फ्लॅश चिप, तिच्यावर लिटलएफएस (छोट्या यंत्रांसाठीची फाइल सिस्टिम, म्हणजे चिपवर फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर). लाइट गेली की सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी जातात. सेटिंग चुकलंय का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : तुम्ही फाइल सकाळी उघडून दिवसभर उघडीच ठेवता, हो ना? मग दोष तिथेच आहे. लिटलएफएसमध्ये फाइल बंद केल्यावर किंवा सिंक केल्यावरच (म्हणजे फाइल उघडी ठेवून आतापर्यंतचं लिखाण चिपवर पक्कं करायला सांगितल्यावरच) लिखाण पक्कं होतं. मधेच वीज गेली, तर फाइल शेवटच्या सिंकपाशी परत जाते. मी टेबलावर रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून रात्रभर बोर्डाची वीज तोडली-जोडली होती. फाइल सिस्टिम एकदाही बिघडली नाही, पण सिंक न केलेल्या ओळी दर वेळी गेल्या.

दर दहा मिनिटांनी सिंक करा. दिवसाला १४४ वेळा होईल. अशा चिपचा एकेक सेक्टर (एका वेळी पुसला जाणारा तुकडा, लिटलएफएसच्या भाषेत ब्लॉक) साधारण १ लाख वेळा पुसता येतो आणि झीज सगळ्या ब्लॉकांत वाटली जाते, तेव्हा घाबरू नका.

आता लिटलएफएसच्या सेटिंगचे आकडे. चिप एका वेळी किमान ४ केबी पुसते, म्हणून ब्लॉक साइझ ४०९६ आणि ब्लॉक १०२४. प्रोग्रॅम साइझ (एका वेळी लिहायचा तुकडा) आणि कॅश (मेमरीतली तात्पुरती जागा) २५६ बाइट. लुकअहेड (रिकामे ब्लॉक शोधण्यासाठीची मेमरी) १२८ बाइट ठेवा, एका बाइटमध्ये आठ ब्लॉकांचा हिशेब बसतो. ब्लॉक सायकल्स (किती वेळा पुसल्यावर फाइल सिस्टिमने आपली माहिती दुसऱ्या ब्लॉकवर हलवायची) ५००. तिथे उणे एक असेल तर झीज वाटणंच बंद होतं, हे आवर्जून तपासा.

ब्लॉक साइझ बदललात तर फॉरमॅट करावं लागेल. आधी जुन्या नोंदी काढून घ्या, हंगामाचा डेटा पुन्हा मिळत नाही.