घास अडतो कुठे?

"एका जेवणाला दीड तास. निम्मं अंगावर, आणि घासागणिक ठसका. हा जेवणार कधी नि बोलणार कधी?" चार वर्षांच्या मुलाला थेरपीसाठी माझ्याकडे घेऊन आलेली आई एका दमात बोलून गेली. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. असे बहुतेक पालक दोष जिभेत शोधतात.

मी म्हटलं, भरवता कसं ते दाखवा. आजी सरसावल्या. पाय पसरून बसल्या, नातवाला पायांवर आडवं घेतलं, मान मागे आणि वरून वरणभाताचा चमचा. "याच्या बापालाही असंच भरवलंय. दूध तर बोंडल्यानं."

आजींशी वाद घालू नये. "आजी, छताकडे बघा आणि तसाच आवंढा गिळा." कसाबसा गिळला. "आता हनुवटी जरा खाली घेऊन." आजी हसल्याच.

गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. मान मागे पडली की हे अवघड होतं, आणि मुलाची तयारी व्हायच्या आत घास घशात ओघळतो. बापाचं निभावलं, कारण त्याचे स्नायू ऐकत होते. याचं मात्र, मान मागे गेली की अख्खं अंग ताठतं, जबड्यासकट.

महागडी खुर्ची लागली नाही. घरातलीच प्लास्टिकची छोटी, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, मांड्यांवरून ओढणी आणि लोंबकळत्या पायांखाली पाट. पाटाचं कुणाला पटत नाही! पण पाय टेकले की कंबर ठरते, कंबर ठरली की मान, मग जबडा. भरवणाऱ्यानं समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. चमचा समोरून, किंचित खालून. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बोलेल, असं वचन मी दिलं नाही. पोक काढून बसलं की श्वास तोकडा पडतो आणि आवाज श्वासावरच चालतो, एवढं सांगितलं.

पाणी प्यायल्यावर मात्र त्याचा आवाज ओलसर, घरघरीत यायचा. वर्षात दोनदा न्यूमोनियाही झालेला. अशा वेळी घास-पाणी श्वासनलिकेत जात असल्याची शंका येते; नुसत्या खुर्चीवर विसंबू नये. गिळण्याच्या एक्स-रे तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं.

तीन आठवड्यांनी जेवण पाऊण तासावर आलं होतं. पाण्याचा ठसका आहेच, तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली. आजींची तक्रार निराळी: स्टुलावर बसून पाय लोंबतात, कंबर धरते.

म्हटलं, "तुम्हीही घ्या एक पाट."