रेसिडेन्सी सोडू नको म्हणावं, बाकी करू दे तिला

नमस्कार ताई, मेल वाचला. लेक 9 वर्षांची असताना तुम्ही न्यू जर्सीला आलात, आता सगळ्यांचं ग्रीन कार्ड झालंय, ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मध्येच म्हणतेय एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करून हेल्थ पॉलिसीत जायचं. तिच्या बाबांचं म्हणणं, एवढं लोन काढून शेवटी फायलीच चाळायच्या का.

पण तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, मला तेच महत्त्वाचं वाटलं. आजींच्या हार्टच्या अपॉइंटमेंटला 11 वर्षांची ही पोरगीच दुभाषी, आजी म्हणतायत छातीत कळ येते नि मग कसंतरीच होतं, आता ‘कसंतरीच’ला इंग्लिशमध्ये काय सांगणार, पोरगी ‘नॉट फीलिंग वेल’ म्हणून मोकळी. 2016 मध्ये तिथे नियम आला की सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने इमर्जन्सी सोडून लहान मुलांकडून असं भाषांतर करून घ्यायचं नाही. तो नियम फायली चाळणाऱ्यांनीच लिहिला की!

बाबांना मोना हॅना यांच्याबद्दल सांगा. इराकी घरातल्या, लहानपणी मिशिगनला आलेल्या, मुलांच्या डॉक्टर, एमपीएचही केलेलं. 2014 ला फ्लिंट शहराने खर्च वाचवायला नदीचं पाणी घेतलं आणि जुन्या पाइपांतलं शिसं नळाला यायला लागलं. यांनी हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून पोरांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे काढले, सप्टेंबर 2015 ला सगळ्यांसमोर मांडले, सरकारी लोकांनी आधी उडवून लावलं आणि पुढच्याच महिन्यात पाणी बदलावं लागलं. नुसती डिग्री असती तर हे जमलं नसतं, पेशंट बघत होत्या म्हणून जमलं.

म्हणून माझं एकच, रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीची डिग्री झाल्यावरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, सोडायची नाही. त्याशिवाय लायसन्स नाही, मग बाबांची भीती खरी ठरेल. बऱ्याच कॉलेजात एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ डिग्री) आणि एमपीएच मिळून 5 वर्षांत होतं, बहुतेक जण तिसऱ्या वर्षानंतर एक वर्ष त्याला देतात. त्या वर्षाची फी वेगळी लागते का हे आधीच ऑफिसात विचारायचं, नंतर बोंबलून उपयोग नाही.

पगार सर्जनएवढा नसेल, खोटं कशाला बोलू. पण फेडरल लोन असेल आणि नोकरी सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात असेल तर 120 हप्त्यांनंतर उरलेलं माफ होतं, आणि अशा ठिकाणी रेसिडेन्सी केली तर ते हप्तेही धरतात.

स्टेप 1, म्हणजे लायसन्सची पहिली परीक्षा, झाली की तिला मला मेल करायला सांगा. तिने करायचा हं, तुम्ही नाही.