वाचक विचारतात: ल्युअरचा रंग सुरकुतला, इपॉक्सी चिकटच राहिलं

प्रश्न: मी सातपूरला राहतो, सुट्टीला गळ घेऊन बसायचा नाद आहे. मरळीसाठी सागाच्या तुकड्यांचे ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारे नकली मासे, घरीच कोरतो. दोन पीस ऑइल पेंटच्या स्प्रेने रंगवले, दुसऱ्या दिवशी वरून क्लिअर लॅकर मारलं तर रंग पार सुरकुतला. उरलेल्यांना दोन बाटल्यांतलं मिसळून लावायचं इपॉक्सी (कडक, चकचकीत थर देणारं) लावलं, तर तीन दिवस झाले तरी बोटाला चिकटतंय. काय चुकतंय?

उत्तर: दादा, सुरकुत्यांचं कारण घाई. ऑइल पेंट वरून सुकल्यासारखा वाटतो पण आतून ओलाच असतो, त्यावर लॅकर पडलं की त्यातला थिनर आत घुसतो आणि रंग उचलून धरतो. आठवडाभर थांबा, नाहीतर सरळ पाण्यातला ॲक्रिलिक रंग वापरा, मी तर तोच वापरतो.

इपॉक्सीचं म्हणाल तर माप हुकलं असणार. बाटलीवर जे प्रमाण लिहिलंय, कुठे १:१, कुठे २:१, ते आकारमानाने की वजनाने हे आधी बघा, दोन्ही एक नसतं. आणि कपाच्या कडेचं, तळाचं खरवडून दोन-तीन मिनिटं नीट ढवळा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, त्यात ते सुकायलाच तयार होत नाही, म्हणून आधी दोन दिवस ऊबदार जागी ठेवून बघा, तरीही चिकटलं तर खरवडून नव्याने लावा. हातमोजे मात्र घालाच, काहींना ते अंगावर उठतं.

लावल्यावर ते खाली ओघळून शेपटीला थेंब होतो. मी गणपतीच्या डेकोरेशनमधलं चक्र फिरवणारी छोटी मोटर काढून ठेवलीये, त्यावर ल्युअर आडवा लावतो आणि तासन्‌तास हळूहळू फिरू देतो. घरच्यांनी ती मोटर पुढच्या गणपतीला शोधली तेव्हा काय झालं ते सोडा.

ल्युअरवर खवले उमटवायला लसणाची जाळी त्याच्या अंगावर घट्ट ताणायची, वरून गडद रंग उडवायचा आणि सुकल्यावर जाळी काढायची. कांद्याच्या गोणीची जाळी मोठी पडते, मी करून बघितलंय.

एक राहिलं, हुकची कडी जिथे लाकडात घुसते तिथे इपॉक्सीचा थेंब टाकाच. पाणी तिथूनच आत जातं, लाकूड फुगतं आणि वरचा थर कितीही चकचकीत असला तरी तडकतो.