डोकं एकाएकी जोरात दुखून एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं का?

आईंचं वय ५४, दुपारी एकाएकी डोकं भयंकर दुखलं, दोन उलट्या झाल्या, उजव्या डोळ्यापुढे अंधार आला, आणि विट्यातल्या घरी सगळे पित्त समजून थांबलेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून उद्याची वाट पाहू नका. आत्ता १०८ लावा. सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही असतील तिथे, म्हणजे कराडला किंवा मिरजेला न्या. दोन्ही आत्ता उपलब्ध आहेत का, हे निघता निघता फोनवर विचारा.

अर्धशिशी हळूहळू चढते. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) फुटला की दुखणं मिनिटभरातच टोकाला जातं. कवटीतला दाब एकदम वाढतो, त्याने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुटतात आणि रक्त डोळ्यातल्या जेलीत उतरतं. याला टर्सन सिंड्रोम म्हणतात. असं झालं असेल तर मेंदूतला रक्तस्राव बहुधा मोठा असतो. कधी फुगाच दृष्टीच्या नसेवर दाबतो. पापणी पडली, बाहुली मोठी झाली किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डोकं न दुखता नुसती नजर गेली, तर कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: पडद्याची रक्तवाहिनी बंद होणं, पडदा सुटणं. तेही त्याच दिवशी दाखवायचं दुखणं आहे. तुमच्या आईंचं वर्णन मात्र मेंदूकडे बोट दाखवतंय.

वाटेत डोकं थोडं उंच ठेवून झोपवा, गुंगी किंवा उलटी आली तर कुशीवर वळवा. खायला-प्यायला काही देऊ नका. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो. बीपीची जादा गोळीही घरी देऊ नका. दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर चालतो: पहिल्या ६ तासांत सीटीमध्ये रक्त जवळजवळ नेहमी दिसतं, नंतर सुटू शकतं. उशिरा काढलेला सीटी नॉर्मल आला म्हणून घरी आणू नका. मणक्यातलं पाणी तपासायचं का, हे विचारा. ही तपासणी १२ तासांनंतर जास्त भरवशाची असते.

घाई एवढ्यासाठी, की फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो, आणि दुसरा स्राव बऱ्याचदा जीवावर बेततो. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीत) फुगा सापडला की क्लिप लावून किंवा मांडीतून तार नेऊन कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) भरून तो बंद करतात. निमोडिपिन हे औषध निदान झाल्यापासूनच सुरू करतात, ते साधारण २१ दिवस चालतं. चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, म्हणून ऑपरेशन झालं की लगेच सुट्टी मागू नका. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार कुणीतरी मागाहून आणेल, त्यापायी गाडी थांबवू नका.

डोळ्यातलं रक्त पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप विरतं, नाही विरलं तर शस्त्रक्रियेने काढता येतं. तो डोळा रुग्णालयातच दाखवा.