कीड सापडली मेलबर्नला, नोटीस आली खानापूरला

प्रश्न : वकीलसाहेब, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात आमचा छोटा कारखाना आहे. जोंधळ्याच्या लाह्या, नाचणीचं सत्त्व, जाडे पोहे आणि जोंधळ्याचं पीठ करतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) पहिल्यापासून आहे, एफएसएसएआयचं लायसनही आहे. जुलैमध्ये कोल्हापूरच्या एका निर्यातदाराला 4 लाख 86 हजारांचा माल दिला. गाडी त्यांची होती, कंटेनर न्हावा शेवाजवळ त्यांनीच भरला, त्यात आणखी दोघातिघांचा मालही होता. मेलबर्नला तपासणीत कंटेनरमध्ये जिवंत किडे सापडले. धुरी द्यावी लागली, काही माल नष्ट केला म्हणतात. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : तुम्ही फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) दिलं नाही, म्हणून 11 लाखांची भरपाई द्या, तुमचं बिलही मिळणार नाही. ऑर्डरवर ‘माल आयातदार देशाच्या सर्व नियमांनुसार असावा’ आणि ‘वादाचं न्यायक्षेत्र कोल्हापूर’ असं छापलेलं आहे. ते सर्टिफिकेट आम्ही काढायचं होतं का? फोनवर ते असंही म्हणाले की एक एजंट आहे, तो मागच्या तारखेचं फायटो काढून देईल, तुम्ही फक्त खर्च द्या.

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं सावरता येईल, हे सावरता येणार नाही. त्या एजंटाच्या वाटेला जाऊ नका. माल निघून गेल्यावर फायटो कधीच मिळत नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय नियमात तशी सोय आहे, पण नमुने घेणं, तपासणी, लागेल ती प्रक्रिया हे सगळं माल रवाना होण्याआधी सरकारी यंत्रणेनं केलेलं असेल आणि नंतर तो माल सुरक्षित राहिला असेल तरच. तुमच्या मालाची तशी तपासणी झालेलीच नाही. मग आज निघणारं सर्टिफिकेट बनावटच असणार, आणि त्याचा खर्च तुमच्या खात्यातून गेला की भारतीय न्याय संहितेखालच्या गुन्ह्यात तुमचं नाव पहिल्या ओळीत येईल. फोनवरचं ते बोलणं तारीख-वेळेसह आजच वहीत लिहून ठेवा. त्यांनी तसा मेसेज केला असेल तर फार उत्तम, तो पुसू नका.

आता नोटिशीकडे. ती लिहिणाऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत : सर्टिफिकेट नसणं आणि किडे सापडणं. पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे, दुसऱ्यात तितकी नाही. त्यामुळे उत्तरात दोन्ही वेगळ्या ठेवायच्या.

फायटो हा सरकारनं सरकारला दिलेला दाखला असतो. आपल्याकडे फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध आणि साठवण संचालनालयाच्या व्यवस्थेतून, अधिसूचित अधिकाऱ्यांमार्फत तो मिळतो. अर्ज निर्यातदार करतो, त्याचा आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड) लागतो, आणि माल तपासणीला हजर करावा लागतो. तुमच्याकडे आयईसी नाही, माल तुमच्या शेडमधून निघाला तो त्यांच्या गाडीत, आणि कंटेनर त्यांनी भरला. आपल्या ताब्यात नसलेल्या मालाची तपासणी तुम्ही कुठल्या अधिकाऱ्याकडून करून घेणार होता? ‘सर्व नियमांनुसार’ या छापील ओळीतून एवढं मोठं काम तुमच्या गळ्यात मारता येत नाही. ती ओळ मालाच्या दर्जाबद्दल आहे. एफएसएसएआयचं लायसन आणि फायटो यांचाही एकमेकांशी संबंध नाही, लायसन खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी, फायटो तिकडच्या शेतीच्या आरोग्यासाठी.

शिवाय प्रत्येक मालाला फायटो लागतंच असंही नाही, आणि या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली 2009 साली आलेलं 32 क्रमांकाचं मानक प्रक्रियेनुसार मालाचे चार गट करतं. पहिल्या गटात शिजवलेला, भाजलेला, आंबवलेला, माल्ट केलेला माल. त्यात शेतातली कीड शिल्लक राहू शकत नाही, म्हणून कीडरोगाच्या कारणानं अटी घालू नयेत आणि फायटोही मागू नये असं ते मानक सांगतं. दुसऱ्या गटात प्रक्रिया झाली खरी, पण कीड राहू शकते असा माल : भरडलेला, सोललेला, पॉलिश केलेला. तिसऱ्यात खाण्यासाठीचं कच्चं धान्य, चौथ्यात लागवडीचं बियाणं.

तुमच्या चार वस्तू या चौकटीत एका जागी बसत नाहीत. लाह्या भट्टीत फुटतात, त्या सरळ पहिल्या गटात. पोह्यांचं भात गरम पाण्यात भिजवून, भाजून मग चेपलं जातं, तिथंही उष्णता आहे. सत्त्वाचं मात्र नीट सांगा. मोड आणून वाळवलेली नाचणी तुम्ही भाजता की नुसती उन्हात वाळवून दळता? मानकात माल्टिंग म्हणजे मोड आणून पुढची क्रिया उष्णता देऊन थांबवणं. भाजत असाल तर पहिला गट, नुसतं ऊन दाखवत असाल तर वाद होऊ शकतो. आणि जोंधळ्याचं पीठ हे नुसतं दळण. त्याला पहिल्या गटाचा आधार आपसूक मिळत नाही.

पण मानक हा मार्गदर्शक आहे, शेवटचा शब्द आयात करणाऱ्या देशाचा. ऑस्ट्रेलिया खपरा भुंगेऱ्याच्या (साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या किड्याच्या) बाबतीत फार कडक आहे. 2020 पासून त्यांनी टप्प्याटप्प्यानं तांदूळ, गहू, हरभरा, मूग, तूर असा बराच माल धोक्याच्या यादीत घातला आहे, आणि तिथल्या अटी कच्च्या मालाला वेगळ्या, उष्णता दिलेल्या व्यापारी पॅकिंगला वेगळ्या असतात. त्या अटी बायकॉन नावाच्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वस्तूनिहाय असतात आणि बदलत राहतात. तिकडचा आयातदार किंवा इथला निर्यातदार यांनी त्या बघायच्या होत्या. म्हणून उत्तरात सरळ मागणी करा : आमच्या कुठल्या वस्तूला, जहाज निघालं त्या दिवशी, कुठल्या अटीनुसार फायटो लागत होतं, ते पान द्या. त्यांच्याकडे ते पान नसेल असा माझा अंदाज आहे. असतं तर नोटिशीला जोडलं असतं.

आता किडे. इथं तुम्हाला कडू वाटेल असं सांगतो. भट्टीतून निघालेली लाही निर्जंतुक असेल, पण पॅकिंगनंतर गोदामात लागलेल्या किडीची हमी ते मानक देत नाही, ते प्रक्रियेपुरतंच बोलतं. जुलैत खानापूरच्या पावसात दळलेलं पीठ, हवेत ओल, साठवणीतला जोंधळा शेजारी... पिठातला तांबडा भुंगेरा उबदार हवेत अंड्यापासून महिनाभरात तयार होतो. मालाची विक्री करताना तो परदेशी जाणार हे तुम्हाला माहीत होतं, तेव्हा 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 खाली तो त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

म्हणून सगळा निकाल एका कागदावर अवलंबून आहे : तिकडच्या अधिकाऱ्यांचा तपासणी अहवाल. किडा कुठला आणि सापडला कुठे? खपरा भुंगेरा असेल तर त्याची अळी फटींत, लाकडात, कंटेनरच्या फळ्यांखाली अन्नाशिवायही फार दिवस तग धरते. तो कंटेनरच्या तळाशी किंवा मालाखालच्या लाकडी पॅलेटवर सापडला असेल, तर त्याचं खापर तुमच्या पोत्यांवर कोण आणि कसं फोडणार? पॅलेटवर त्याच कराराच्या 15 क्रमांकाच्या मानकाचा शिक्का होता का (लाकडाच्या गाभ्याला 56 अंश, 30 मिनिटं उष्णता किंवा धुरीसारखी मान्य प्रक्रिया दिल्याची ती खूण), हेही विचारा. उलट तांबडा भुंगेरा तुमच्याच सीलबंद पिठाच्या पिशवीत निघाला असेल, तर पिठापुरता वाद ताणू नका. पिठाची किंमत सोडून द्यायची तयारी ठेवा आणि बाकीच्यावर ठाम राहा.

कारण बाकीचं बिल अडवायचा त्यांना हक्क दिसत नाही. दोष ज्या वस्तूत, वजावट त्या वस्तूपुरती. पीठ खराब निघालं म्हणून लाह्यांचे पैसे बुडवता येत नाहीत. आणि 11 लाखांबद्दल : करार कायद्याचं कलम 73 फक्त स्वाभाविकपणे होणारं किंवा करार करताना दोघांच्या ध्यानात असलेलं नुकसान देतं, शिवाय नुकसान कमी करण्यासाठी त्यांनी काय केलं हेही बघतं. दुसऱ्यांचा माल एकत्र भरल्यामुळे वाढलेला खर्च तुमच्या माथी मारता येणार नाही. आकडा फोडून मागा : धुरी किती, बंदरभाडं किती, कुणाचा किती माल नष्ट केला.

तुमचं खरं हत्यार मात्र वेगळंच आहे. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा) माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार नसेल तर माल स्वीकारला असं धरतात, आणि पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. कलम 18 खाली तुम्ही कर्नाटकातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) ऑनलाइन अर्ज करू शकता, खरेदीदार भारतात कुठेही असो. ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ ही ओळ त्याला आडवी येत नाही. 2022 मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा विशेष कायदा पक्षकारांच्या कराराच्या वर असल्याचं स्पष्ट केलं आहे. त्यांचा प्रतिदावाही तिथेच ऐकला जाईल. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर आव्हान देण्याआधी त्यांना 75 टक्के रक्कम भरावी लागते. त्यांनी कोल्हापूरला व्यावसायिक दावा लावायचं ठरवलं तरी 3 लाखांवरच्या वादात, तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर, आधी मध्यस्थीला जाणं बंधनकारक आहे, उद्या समन्स येईल अशी धास्ती नको.

आपल्या सीमाभागात धंदा कोल्हापूर-निपाणीकडेच तोंड करून चालतो, माणूस आपला म्हणून कागद कुणी करत नाही. पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, आणि जीएसटीला नातं कळत नाही. तुम्ही निर्यातदाराला 0.1 टक्के सवलतीच्या आयजीएसटीनं (राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या जीएसटीनं) बिल केलं असेल, तर बिलापासून 90 दिवसांत माल निर्यात झाल्याचा पुरावा आणि तुमचा जीएसटी नंबर असलेल्या शिपिंग बिलाची प्रत त्यांनी तुम्हाला द्यायला हवी. नसेल मिळाली तर उत्तरातच मागा, नाहीतर उरलेला कर तुमच्याकडून वसूल होईल. ती प्रत दुसऱ्या कामालाही येते : त्यांनी माल कुठल्या नावानं, कुठल्या कोडनं पाठवला ते त्यात दिसतं. लाह्यांना ‘धान्य’ म्हणून दाखवलं असेल तर फायटोचा घोळ तिथूनच सुरू झाला असावा.

या आठवड्यात एवढं करा. जुलैची भट्टीची नोंदवही, बॅच नंबर, कीडनियंत्रणाची बिलं, शिल्लक राखीव नमुने वेगळे काढून सील करा. नोंदवही नसेल तर आता मागे बसून लिहू नका, तेव्हाच्या लाकडाची, विजेची बिलं, मजुरांची हजेरी पुरते. ई-वे बिलावरचा गाडी नंबर आणि वेळ म्हणजे ताबा कधी गेला त्याचा पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर आणि माल भरतानाचे फोटो ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात चालतात. नोटिशीवर दिलेल्या मुदतीत उत्तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा आणि त्यात पहिलं वाक्य बिलाच्या थकबाकीचं ठेवा, किड्यांचं नको. कौन्सिलचा अर्ज त्यांच्या प्रत्युत्तराची वाट न बघता भरायला घ्या.