‘कॉन्शन्स’साठी अंतरात्मा की विवेकबुद्धी?

प्रश्न असा आहे: ‘मठप्रमुखांचा आदेश तिने कॉन्शन्सला स्मरून नाकारला’ हे वाक्य मराठीत लिहिताना ‘अंतरात्म्याचा आवाज’ म्हणावं की ‘सदसद्विवेकबुद्धी’? दुसरा शब्द प्रश्नकर्त्यांना बोजड वाटतो.

बोलताना आपण इथे बहुतेकदा नाम वापरतच नाही. ‘मन खातं’, ‘टोचणी लागते’ हे गोष्ट करून बसल्यावर म्हणतो. ‘मनाला पटत नाही’ हे करण्याआधी. वरिष्ठांना नकार देणारी व्यक्ती या दुसऱ्या जागी उभी असते, म्हणून संवादात ‘मला हे पटत नाही’ एवढंच पुरेसं आहे.

नाम हवंच असेल तर मी ‘विवेकबुद्धी’ घेईन. ‘विवेक’ विच् धातूपासून आला, म्हणजे वेगळं काढणं, नीरक्षीरविवेकातला तोच. विवेकाला कारणं विचारता येतात आणि त्याला ती द्यावी लागतात. अंतरात्म्याच्या आवाजाला कोण काय विचारणार? शिवाय १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या बाजूने ‘अंतरात्म्याच्या आवाजा’ने मत देण्याची हाक दिली गेली, तेव्हापासून त्या शब्दाला राजकारणाचा वास लागलाय तो लागलाच. टिळकांनीही गीतारहस्यात ‘मनोदेवता’ म्हणून आतून बरंवाईट सांगणारी कुणी स्वतंत्र देवता मानली नाही, ती बुद्धीतच बसवली.

हा फरक बघायचा तर पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधली पत्रं वाचावीत. १८८३ साली वाँटेज इथे त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पत्रात रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात, आणि त्याच आजीबाईंना साफ सांगतात की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता पाद्र्यांचा प्रत्येक शब्द ईश्वराची आज्ञा समजून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा त्यांना मान्यच होती. धर्मगुरूंचा शब्द म्हणजेच देवाची आज्ञा, हे मान्य नव्हतं. गळ्यात क्रूस घालायचा आणि त्यावर अक्षरं हवीतच, तर ती लॅटिनऐवजी संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह. कारणही दिलं: संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे, माझ्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. मला स्वतःचं कॉन्शन्स आहे, मन आहे, निर्णयबुद्धी आहे, असं त्या लिहितात. आतून गूढ आवाज आला, असा दावा या ओळींत नाही. पटलं ते घेतलं, न पटलेलं कारणासह परत केलं, आणि आजीबाईंवरची माया तशीच ठेवली. मला हा मराठी बाईचा नकार फार मोलाचा वाटतो. ‘बंडखोरी’ किंवा ‘अवज्ञा’ म्हटलं की त्यातली ही माया हरवते, म्हणून तुमच्या वाक्यातही ते शब्द टाळा.

चर्चमधलाच प्रसंग असेल तर मराठी बायबलमधला ‘विवेकभाव’ही चालेल, ख्रिस्ती वाचकांच्या कानाला तो परका नाही. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘सदसद्विवेकबुद्धी’ हे लांबलचक रूपच ठेवा, कारण संविधानाच्या अनुच्छेद २५च्या मराठी पाठात तोच शब्द आहे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मठप्रमुखांचा आदेश तिच्या विवेकबुद्धीला पटला नाही, आणि तिने तो नाकारला.’ आणि पूर्ण रूप वापरलंत तर ‘सदसद्’ लिहा, ‘सद्सद्’ नको. सत् आणि असत् यांचा तो संधी आहे, मधला ‘अ’ गाळला तर असत्‌च गायब होतं.